मागचं उडवा

माझ्या स्टुडिओची पायरी चढणारा माणूस खुर्चीवर बसायच्या आधीच सांगतो, "भाऊ, मांगचं उडवा हं." मागचं म्हणजे फोटोतलं मागचं सगळं. झाड असो, घर असो, डोंगर असो, जिवंत माणसं का असेनात, सगळं धूसर करून टाकायचं आणि पुढे नवरा-नवरी तेवढे चकचकीत ठेवायचे. यवतमाळात लग्नाचे फोटो काढून माझं पोट चाललं आहे, त्यामुळे हे वाक्य मी जेवढं ऐकलं तेवढं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. नवं जोडपं हौसेनं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जातं, मला सोबत नेतं, देवळासमोर उभं राहतं आणि म्हणतं, देऊळ उडवा. अरे बाप्पा, मग कळंबपर्यंत कायले आलते? घरच्या पडद्यासमोर उभे राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण मी तोंडावर हसू ठेवतो आणि देऊळ उडवतो. धंदा आहे.

स्वतःसाठी मात्र मी याच्या बरोब्बर उलटे फोटो काढतो. सवड मिळाली की गाडीला ट्रायपॉड बांधून निघायचं आणि मोकळ्या रानाचा असा फोटो काढायचा की पायाजवळच्या गवताचं कुसळही दिसलं पाहिजे आणि पार शेवटच्या डोंगरावरचा टॉवरही. मधलं काही सुटता कामा नये. असा एक फोटो मी एकदा स्पर्धेला पाठवला होता. परीक्षक तो हातात धरून म्हणाले, "यात नेमका सब्जेक्ट कोणता?" मी म्हटलं, "सगळाच." ते म्हणाले, "असं नसतं." घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. असं नसतं म्हणजे काय? एकाला दाखवायचं म्हणून बाकीच्यांना पुसायचं, हा कुठला न्याय? बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "चांगला आहे, पन कोणीच तर दिसून नाही राह्यलं याच्यात." झालं. तेव्हापासून मी ते फोटो कोणाला दाखवत नाही.

माझी मोठी बहीण एका लहान गावात दिली आहे. यवतमाळहून एसटीनं गेलं की फाट्यावर उतरून पुढे पायी जावं लागतं. भाऊजी वारले, भाची सासरी गेली, आता ताई घरात एकटीच असते. तिचं घर गावाच्या अगदी कडेला. घराच्या मागे लाल मुरमाची बरड जमीन, तिच्यापलीकडे टेकडी आणि टेकडीच्या खांद्यावर एक मोहाचं झाड. गावात यायचं तर लोक त्या झाडावरच नजर ठेवून येतात. आमच्या भागातल्या टेकड्या सगळ्या सारख्याच, त्यामुळे झाड दिसलं की समजायचं, आलं गाव.

टेकडीच्या पलीकडे गिट्टीची खदान सुरू झाली तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पलीकडे आहे, चालू दे. पण खदान हळूहळू कडेनं पोखरत अलीकडे आली. आता दुपारी भोंगा वाजतो, मुकादम वरून ओरडतो, "उडवतो होऽऽ," आणि सुरुंगाचा असा दणका बसतो की ताईच्या फळीवरची भांडी खाली येतात. एकदा बुद्धाची तसबीर खिळ्यावरून निसटली, काच फुटली. मग मागच्या भिंतीला भेग पडली. आधी केसाएवढी होती. पुढे तिच्यात बोटं जायला लागली. पार जमिनीपासून छपरापर्यंत. ताईचं मागणं काही मोठं नव्हतं. भिंत पडायच्या आधी सुरुंग थांबावेत, एवढंच. या वयात मी कुठं जाऊ, असं ती म्हणायची, आणि माझ्याकडे यवतमाळला ये म्हटलं की चिडायची. "माह्यं घर पाडतील ते, अन् घर सोडू मी? काहून?"

तिनं तालुक्याच्या ऑफिसात तक्रार केली. सुनावणीला ती भाचीच्या मोबाईलवर काढलेले दोन फोटो घेऊन गेली. एकात भेग होती, मागचं सगळं धूसर. दुसऱ्यात खदान होती, पण भिंतीचा नुसता एक पुसट पट्टा आलेला. साहेबांनी दोन्ही फोटो टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ही भिंत इथली, ही खदान तिथली. दोन्ही एकाच ठिकाणच्या आहेत हे कशावरून?" खदानीचा मॅनेजर तिथंच बसला होता. तो म्हणाला, "साहेब, आपल्या जिल्ह्यात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात फाटते, घराले भेगा पडतातच. त्याले आमी काय करनार?" बोलायला किती सोपं! ताईच्या घराखाली काळी माती नावालाही नाही, नुसता मुरूम आहे. पण तो मुरूम दोन्ही फोटोंत नव्हता.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रागानं फाटला होता. "भाऊ, तू एवढा फोटोवाला! मले एक सांग, भेग बी साफ, मधातला मुरूम बी साफ अन् मांगची खदान बी साफ, असं एकाच फोटोत नाही काढता येत का तुले? अन् मोहाचं झाड आलं पायजे. झाडाशिवाय कोणी मानत नाही का हे आपलंच गाव आहे म्हून."

खरं सांगतो, मला तिच्या रागातही आनंद झाला. माझ्या उभ्या धंद्यात पहिल्यांदा कोणीतरी मला मागचं मागत होतं.

मी भल्या सकाळी तिच्याकडे पोचलो, कारण खदानीतला गिट्टी फोडायचा क्रशर सुरू झाला की हवेत पांढरी भुकटी उठते आणि लांबचं काही स्वच्छ येत नाही. शिवाय सकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडतं, त्यात भेगेची खोली दिसते. डोक्यावरच्या उन्हात तीच भेग काळ्या रेघेसारखी सपाट येते. मी भिंतीच्या कोपऱ्याला ट्रायपॉड असा लावला की भिंत डावीकडून आत जाईल, तिच्या टोकापासून मुरूम सुरू होईल आणि वर टेकडी, खदान, झाड, सगळं एका चौकटीत बसेल. भेग कॅमेऱ्यापासून हातभर लांब. टेकडी पार पलीकडे. रुंद लेन्स लावली, अ‍ॅपर्चर अकरावर नेलं. लेन्सचं भोक लहान केलं की जास्त खोलपर्यंत साफ येतं, हे नवशिक्यालाही माहीत असतं. म्हणून तो ते बावीसवर नेऊन ठेवतो, आणि मग सगळंच थोडं थोडं मऊ पडतं. आणि फोकस? भेगेवर धरला तर टेकडी जाते. टेकडीवर धरला तर भेग जाते. दोघींच्या मधे, भेगेच्या थोडंसंच पलीकडे एक जागा असते, तिथं धरला तर दोन्ही राहतात. पण त्या जागी तर नुसती हवा होती, फोकस धरायला वस्तू पाहिजे.

ताईनं चुलीजवळचा पाण्याचा पितळी गुंड आणून त्या जागी स्टुलावर ठेवला. आमच्या आईनं तिला लग्नात दिलेला, काठावर नाव कोरलेला. मी त्या कोरलेल्या अक्षरांवर फोकस धरला, एकेक अक्षर स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तिथंच लेन्स पक्की केली आणि गुंड उचलायला लावला.

"आता तू उभी राहा. भेगेत बोटं घाल म्हणजे किती रुंद आहे ते कळंल," मी म्हटलं.

ती उभी राहिली. पदर सारखा केला आणि भेगेत बोटं घातली. "हसू का?"

"हसू नको वं! तक्रारीचा फोटो आहे."

"मंग सांगत जा ना आधी."

खालून गिट्टीनं भरलेला एक टिप्पर गेला आणि ट्रायपॉड थरथरला. तो जाईपर्यंत थांबलो. मग टायमर लावला, कॅमेऱ्याला हात न लावता फोटो घेतला. स्क्रीनवर पाहिलं आणि माझ्या तोंडून "वा!" निघालं. भेगेतली माती दिसत होती. तिच्यातलं कोळ्याचं जाळं दिसत होतं. ताईच्या बोटांची सालं, मुरमाचे खडे, कुंपणाची तार, खदानीच्या कड्यातली सुरुंगाची भोकं, आणि खांद्यावरचं मोहाचं झाड फांदीन् फांदी वेगळी. मागचं उडवा म्हणणाऱ्या सगळ्यांना ओढून आणून दाखवावंसं वाटलं.

मोठा प्रिंट काढायला मी फाईल माझ्या साळ्याकडे दिली. साळा म्हणजे शिवी नाही, बायकोचा भाऊ. यवतमाळातच त्याची कलर लॅब आहे आणि माझे सगळे अल्बम तोच करतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "माझ्या ताईचा फोटो आहे, मोठा काढ, चांगला काढ." पुढच्या सुनावणीच्या सकाळी तो स्वतः बसस्टँडवर आला, बाहेरून पॅक केलेला प्रिंट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "भाऊजी, घरचं काम म्हून जीव लावून केलं." एसटी सुटत होती. मी पाकीट न फोडता चढलो.

ऑफिसात ताईनं ते पाकीट स्वतःच्या हातानं फोडलं. प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवला आणि पदर खोचून उभी राहिली, आता बोला म्हणून.

साहेब म्हणाले, "छान आलाय फोटो."

मॅनेजर वाकला. "खरंच लय चांगला आला, ताई. पन भेग कोठी आहे?"

मी पुढे होऊन पाहिलं. भिंत गुळगुळीत. नव्या रंगाची असावी तशी. भेग नाही, जाळं नाही, मातीचा कण नाही. मागची टेकडी, खदान, झाड, सगळं हिरवट लोण्यात विरघळवून टाकलेलं. लाल मुरमाचा गुलाबी धुरळा झालेला. आणि माझी ताई, उन्हात राबून काळवंडलेली माझी ताई, गोरीपान करून ठेवलेली! चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. तिची बोटं तेवढी भिंतीवर टेकलेली होती, काहीच नसलेल्या जागी.

ताईनं त्या जागेवरून बोट फिरवलं. "म्या त भेगीत बोटं घातलती," ती हळूच म्हणाली. "बोटं हायेत. भेग नाही."

कोणीतरी हसलं. मी मोबाईल काढला, त्यात मूळ फोटो होता, तो साहेबांपुढे धरला. साहेब म्हणाले, "मोबाईलवरचं रेकॉर्डला लावता येत नाही. प्रिंट आणा." मी म्हटलं, "साहेब, पाहा तरी! हेच खरं आहे." ते म्हणाले, "आणि हा प्रिंट खोटा का? तुम्हीच आणला ना?" पुढची तारीख पडली ती कापूस वेचून झाल्यानंतरची. तोवर दुपारचे सुरुंग चालूच.

परत येऊन मी थेट लॅबमध्ये घुसलो. "भेग कुठं गेली बे?"

साळा खूश होऊन म्हणाला, "काढून टाकली ना! भल्ली मोठी होती, लय वेळ गेला. दिसून राह्यली का कुठं?"

"अबे, भेगेचाच फोटो होता तो!"

"भेगेचा?" त्याला खरंच कळेना. "भाऊजी, भेगेचा फोटो कोण काढते? मले वाटलं ताईचा आहे. मधात बाई उभी दिसली, म्हून बाई चांगली केली, मांगचं उडवलं. तुमचे सगळे फोटो असेच करतो ना मी."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तर माझा आणखी संताप झाला. वाईट बुद्धीनं केलं असतं तर दोन कानाखाली दिल्या असत्या. यानं तर प्रेमानं केलं होतं! फोटोत माणूस दिसलं की त्याला गोरं करायचं, त्याचं दुखणं पुसायचं आणि त्याच्या मागचं गाव उडवायचं, ही आमच्या सगळ्या धंद्याची सवय, आणि तिलाच आम्ही चांगलं काम म्हणतो. मी ओरडत राहिलो, तो पापण्या मिटमिटवत उभा राहिला. घरी बायको म्हणाली, "माह्या भावाले एवढं बोलायची काही गरज होती का?" मी न जेवता उठलो.

दुसरा प्रिंट निघेपर्यंत मी त्याच्या मागे उभा होतो. "कशाले हात लावू नको. काही सुधरवू नको. जसं आहे तसं." त्यालाही वाईट वाटलं होतं. प्रिंट निघाला तो अव्वल. या वेळी मी तो उघडाच नेला, एसटीत मांडीवर धरून.

पुढच्या तारखेला साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. चष्मा काढून जवळून पाहिला. भेग, मुरूम, खदान, झाड. मॅनेजरकडे पाहिलं तर तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "आता जागेवर येऊन पंचनामा करतो." ताईनं बाहेर आल्यावर माझा दंड घट्ट धरला. "जमलं भाऊ," म्हणाली. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चहावाल्याला उगाच मोठ्यानं हाक मारली.

जागेवर यायला साहेबांना सवड कधी मिळाली, ते विचारू नका. थंडी जाऊन ऊन तापायला लागलं होतं. ताईनं मला आधल्या दिवशी बोलावून घेतलं होतं. एसटीतून उतरून मी सवयीनं वर पाहिलं आणि फाट्यावरच थबकलो. झाड नव्हतं. आपण चुकीच्या फाट्यावर उतरलो असं मला क्षणभर वाटलं, मी पाटी पाहिली. पाटी बरोबर होती. टेकडीचा तो सगळा खांदाच नव्हता. झाडासकट उडवला होता.

ताई म्हणाली, "तुले फोनवर काय सांगू? रोज थोडं थोडं गेलं."

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेब उतरले, मागून मॅनेजर उतरला. साहेबांच्या हातात माझा प्रिंट होता. ते बरोबर त्याच जागी उभे राहिले जिथं मी ट्रायपॉड लावला होता. प्रिंट डोळ्यांपुढे धरला, खाली घेतला, परत धरला.

"यात झाड आहे," ते म्हणाले. "इथं झाड नाही."

"यांनीच उडवलं, साहेब!" मी म्हटलं.

"फोटोत तर उभं आहे. टेकडीचा आकारही वेगळा दिसतो. फोटो आणि जागा जुळत नाही."

मॅनेजर हळूच म्हणाला, "मी पयल्यापासून म्हनत होतो साहेब, जागा दुसरी असंल."

माझा तोल गेला. काय काय बोललो ते आता लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी टेकडी खाल्ली त्यांनीच टेकडी नाही म्हणून साक्ष द्यायची, आणि माझा फोटो इतका साफ आला म्हणूनच तो खोटा ठरायचा! धूसर असता तर झाड आहे का नाही हे कोणाला कळलंही नसतं. साहेब शांतपणे सोबतच्या कारकुनाला सांगत होते, "लिहा. छायाचित्र व प्रत्यक्ष जागा जुळून येत नाही."

ताई पुढे आली, साहेबांच्या हातातला प्रिंट घेतला आणि भिंतीपाशी गेली. प्रिंट भिंतीला टेकवून एका हातानं धरला, आणि दुसरा हात भेगेत घातला. फोटोत तिची बोटं तेवढी आत होती. आता पंजा गेला, मनगट गेलं, बांगड्या भिंतीला लागून वाजल्या आणि हात कोपरापर्यंत आत गेला. पलीकडे, तिच्या स्वयंपाकघरात, तिची बोटं हललेली मला मागच्या दारातून दिसली.

"साहेब," ती म्हणाली, "हे बी जुळून नाही राह्यलं. लिहा."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जीपकडे निघाले. ताई तशीच उभी राहिली, भिंतीत हात घालून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काढ आता फोटो. आता तुले मांगचं उडवाचं काम नाही."